ओल्या गवताचा धूर

वनखात्याच्या डेपोतली माणसं तिला घार म्हणत. तोंडावरही म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. डोंगरमाथ्यावरच्या लोखंडी मनोऱ्यात बसायचं, सगळ्या रानावर नजर ठेवायची आणि कुठे धूर दिसला की दिशा बघून वायरलेसवर खाली कळवायचं, हे तिचं काम. दरीतून वर येणारं धुकं कुठलं, वाटेवरून गेलेल्या गुरांची धूळ कुठली आणि पाचोळ्यात पडलेली ठिणगी कुठली, हे ती दुर्बीण डोळ्याला लावायच्या आधीच ओळखायची.

ही नजर तिला काकांकडून मिळाली होती. काका म्हणजे तिच्या मावशीचा नवरा. घारीचे आईवडील ती लहान असतानाच गेले. मावशीने तिला उचलून घरी आणलं आणि पोटच्या मुलाबरोबर वाढवलं. काका तेव्हा याच मनोऱ्यावर पहारेकरी होते. त्यांच्या उमेदीच्या काळात इथे वायरलेस पोचला नव्हता. तीन डोंगरांवर तीन चौक्या होत्या आणि त्या एकमेकींशी धुराने बोलत. मनोऱ्याच्या पायथ्याशी उघड्या कातळावर दगडांचं आळं करून त्यात निखारे धरायचे, वर ओलं गवत टाकायचं, भिजवलेल्या गोणपाटाने झाकायचं आणि मग ते गोणपाट एकदम उचलायचं. धुराचा एकच गोळा आभाळात चढला तर सगळं ठीक. दोन चढले तर सावध राहा. आणि गोणपाट बराच वेळ उचलून धरून एकामागून एक तीन लांब धूर सोडले, तर चौकी सोडा, असाल तसे खाली या. मावशी गोणपाटाचं दुसरं टोक धरायची आणि दोन्ही पोरं खोकत आजूबाजूला नाचायची.

मग वायरलेस आला, आळ्यात गवत माजलं, काका गेले. मावशीला डेपोच्या स्वयंपाकघरात काम लागलं आणि घारीला मनोऱ्यावर. मावशीचा मुलगा, म्हणजे घारीचा दादा, बापाशी भांडून जो घराबाहेर पडला तो बापाच्या मरणालाही आला नाही. दूर कुठल्याशा बंदरात काम करतो, एवढंच मावशी विचारणाऱ्याला सांगायची, आणि सांगताना दुसरीकडे बघायची.

त्या उन्हाळ्यात घळीत झाडांच्या चोऱ्या सुरू झाल्या.

घळ म्हणजे डेपोच्या समोरच्या डोंगरातली खोल, अरुंद दरी. तिथली झाडं जुनी, कवेत न मावणारी. तिथे ना मोबाइलला रेंज, ना वायरलेस धड चालायचा. गस्तीची जीप पोचायची तेव्हा ताजा भुसा मिळायचा, अर्धवट कापलेला बुंधा मिळायचा, कोमट राख मिळायची. माणूस एकही नाही. एकदा तर चुलीवरचा चहा अजून उकळत होता. पुढे एका खेपेला झाडीत एक वनरक्षक चोरासमोर उभा ठाकला आणि त्याच्या खांद्यावर कुऱ्हाड बसली. तेव्हापासून गस्तीबरोबर बंदुका जायला लागल्या.

डेपोचे साहेब नुकतेच बदलून आले होते. ते तापट असते तर बरं झालं असतं. ते शांत होते. त्यांनी सगळ्यांना आवारात गोळा केलं आणि हळू आवाजात सांगितलं, की आपण इथून हललो की तिकडे कळतं, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, आणि ते या आवारातच मुरतंय. एवढं बोलून ते आत गेले. त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही, त्यामुळे प्रत्येकाला वाटलं आपलंच घेतलं.

त्या दिवसापासून डेपोची हवाच बदलली. वायरलेसवाला कायम शीळ घालत फिरायचा. कुणीतरी विचारलं, ही चाल कुणासाठी, तेव्हापासून त्याने शीळ बंद केली. ड्रायव्हर जीपचे आरसे पुसायला लागला की दोघं-तिघं येऊन, उन्हाची तिरीप पाडून खूण करतोय की काय म्हणून, आरशाचं तोंड कुठल्या डोंगराकडे आहे ते बघून जायचे. साहेबांनी सगळ्यांचे फोन कचेरीत जमा करून घेतले. गस्त कुठे जायची ते जीप सुरू झाल्यावरच ड्रायव्हरला सांगायचे. तरी घळीत गेलं की पुढ्यात कोमट राख.

हळूहळू सगळ्यांच्या नजरा वर वळल्या. वर बसून जीपची वाट कुणाला दिसते? घारीला. समोरची घळ कुणाला दिसते? घारीलाच. ती जेवायला खाली आली की बाकावरची बोलणी थांबायची. साहेब आडवेळी वायरलेसवरून काय चाललंय विचारायचे आणि तिचं उत्तर संपल्यावरही बटण दाबूनच ठेवायचे, जणू तिच्या मागे आणखी कुणाचा आवाज येतो का ते ऐकताहेत. तिच्या अंगाची लाही व्हायची. आयुष्यात तिने या रानाशी बेइमानी केली नव्हती. कोणीतरी करत होतं, आणि बिल तिच्या नावावर फाटत होतं.

शेवटी तिने रानावरची दुर्बीण डेपोवर वळवली.

आधी तिने ड्रायव्हरला धरलं. तो दिवसभर जीपखाली नाहीतर जीपमध्ये झोपलेला. मग वायरलेसवाल्याला. तो रोज दुपारी इकडेतिकडे बघत लाकडांच्या वखारीमागे जायचा, आणि घारीला वाटलं, सापडला. तिने जागा बदलली, लोखंडी कठड्यावरून जवळजवळ लोंबकळून बघितलं, तर तो खिशातून बाटली काढून टकलावर कसलंसं तेल चोळत होता. तिला हसू आलं आणि तेवढ्यातच, दुर्बीण वळवता वळवता, स्वयंपाकघराचं धुरांडं दिसलं.

मावशीच्या चुलीचा धूर कसा असतो हे घारीला तोंडपाठ होतं. बारीक, निळसर, वर जाईपर्यंत विरून जाणारा. मावशी लाकूड वाळवून, वाजवून मगच चुलीत घालायची. ओलं लाकूड आणून देणाऱ्याची ती खरडपट्टी काढायची. आणि आज ते धुरांडं खोकल्यासारखं पांढरा धूर ओकलं. जाड, गोल गोळा. मग काही नाही, धुरांड्याची झडप कुणी ओढून धरावी तसं. मग दुसरा गोळा. मग पुन्हा आपली बारीक निळी रेघ. खाली जीप नुकतीच फाटकाबाहेर पडत होती.

घारीच्या मनात पाल चुकचुकली. तिने स्वतःला समजावलं, की लाकूड दमट असेल. पुढची गस्त दुसऱ्या बाजूला, तलावाकडे गेली, धुरांडं गप्प. त्यानंतरची घळीकडे गेली. पुन्हा दोन गोळे.

तिने सगळ्या पळवाटा शोधल्या. मावशीला कळणार कसं? साहेब तर ड्रायव्हरलाही सांगत नव्हते. आणि मग तिला डबे आठवले. घळीत जायचं म्हणजे दिवस मोडायचा, त्यामुळे डबे भरून ठेवा असा निरोप सकाळीच स्वयंपाकघरात जायचा. तलावाकडे जायचं तर माणसं दुपारी जेवायला परतायची, डबे लागायचे नाहीत. साहेबांनी फोन जमा केले, रस्ता लपवला, आरशांची तोंडं तपासली. डब्यांचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

तरीही तिचं मन मानेना. म्हणून तिने एक खोटं रचलं. सकाळी चहा पिताना मावशीला सहज म्हणाली, की आज दुपारी जीप डब्यांशिवाय घळीत जाणार आहे, साहेबांनी मला वरून लक्ष ठेवायला सांगितलंय, कुणाला बोलू नकोस. मावशीने मान हलवली आणि भांड्यावरचं झाकण सारखं केलं. घार मनोऱ्यावर गेली. दुपारभर ती धुरांड्याकडे बघत बसली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच धूर दिसू नये म्हणून तिने डोळे ताणले. जीप आवारात उभी होती, ड्रायव्हर तिच्या सावलीत घोरत होता.

धुरांड्यातून एक गोळा चढला. मग दुसरा.

आणि थोड्या वेळाने समोर, घळीच्या तोंडावरच्या झाडीतून, हलकासा एक गोळा वर आला आणि वाऱ्यावर मोडला. धुराला कोणीतरी धुराने उत्तर दिलं होतं.

दुसऱ्या दोन चौक्यांवरचे पहारेकरी काकांच्याही आधी गेले होते. त्या खुणा या रानात आता तिघांनाच ठाऊक होत्या. एक ती स्वतः. एक मावशी. तिसरा दूरच्या बंदरात काम करत होता, असं म्हणायचे.

पाळी संपवून ती खाली आली तेव्हा स्वयंपाकघरात मावशी एकटी होती. भांडी पुढ्यात होती, पण ती घासत नव्हती.

"जीप निघालीच नाही," मावशी म्हणाली.

"नाही."

"म्हणजे माझी परीक्षा घेतलीस."

"धुरांड्याची झडप हलली नसती तर मी तुझ्या पाया पडले असते, मावशी."

मावशीने भांडी बाजूला सारली. मग बोलायला लागली ती थांबेचना. थंडीच्या दिवसांत एका सकाळी, घार मनोऱ्यावर चढायच्या आधी, आवार झाडताना तिने समोर बघितलं, तर घळीवर धुराचा एक गोळा. तिला वाटलं भास. दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा एक. सगळं ठीक. ती झाडू टाकून चुलीकडे धावली, ओलं गवत कोंबलं, झडप ओढली आणि सोडली. तिकडून पुन्हा एक गोळा आला. इतकी वर्षं ज्याचा पत्ता नव्हता तो पोरगा समोरच्या डोंगरात होता, जिवंत होता आणि आईला तसं सांगत होता. तो लाकूड कापणाऱ्यांच्या टोळीत आहे हे तिला पुढे कळलं. तोवर उशीर झाला होता. बंदुका जायला लागल्यावर तर तिने दोन गोळे सोडायला मागेपुढे पाहिलं नाही. आणि कुऱ्हाड त्याने मारली नव्हती, हे ती शपथेवर सांगायला तयार होती.

"तुला कसं माहीत?" घारीने विचारलं. "धुराला एवढं बोलता येत नाही."

"आईला कळतं."

"मग त्याला खाली का नाही बोलावलंस? तीन लांब धूर सोडायचे होतेस."

"सोडले. कितीदा तरी सोडले. तो येत नाही."

घारीने तिच्याकडे बघितलं. "मी कितीतरी दिवस तुझ्या धुरांड्यावर दुर्बीण लावून बसले आहे, मावशी. तीन कधीच दिसले नाहीत."

मावशीने तोंड फिरवलं. पोरगा खाली आला असता तर तुरुंगात गेला असता, आणि रोज सकाळचा तो एक गोळाही बंद झाला असता. हे ती बोलली नाही. घारीलाच ते समजलं. तिने एवढंच बजावलं, की यापुढे झडपेला हात लावशील तर मला साहेबांना सांगावं लागेल. मावशीने विचारलं, सांगशील? घारीला उत्तर माहीत नव्हतं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

त्यानंतर एकाच खोलीत राहणाऱ्या त्या दोघी एकमेकींवर पहारा करू लागल्या. घार उठून बाहेर गेली की मावशी दाराशी येऊन उभी राहायची. मावशी चुलीपाशी गेली की घार वरून दुर्बीण लावायची. जेवताना दोघी मीठ, पाणी, भाकरी एवढंच बोलायच्या.

अशात एका दुपारी साहेब स्वतः मनोऱ्याच्या शिड्या चढून वर आले. धापा टाकत कठड्याला टेकले, घळीकडे बघितलं, मग खाली डेपोकडे बघितलं. मग म्हणाले, की उद्या पहाटे शेजारच्या डेपोतली माणसं घेऊन ते पायी घळीत उतरणार आहेत. जीप नाही, डबे नाहीत, इथल्या कुणालाही खबर नाही.

"मग मला का सांगताय?"

"कारण वरून बघायला तुमच्याशिवाय कोणी नाही. दुसरं कारण तुमच्या लक्षात आलं असेल. या वेळीही राख कोमट मिळाली, तर मला फार शोधावं लागणार नाही."

तिने विचारलं, गोळी चालेल का. साहेब म्हणाले, समोरून कुऱ्हाड आली तर चालेल. आणि तिच्याकडे असं बघितलं, जणू हा प्रश्नच त्यांनी नोंदवून ठेवला.

संध्याकाळी मावशीने विचारलं, साहेब वर कशाला आले होते. घार म्हणाली, दुर्बिणीची काच तपासायला. मावशीने पुढे काही विचारलं नाही. पण घारीला तिने वाढलं आणि स्वतः न जेवता भिंतीला टेकून बसून राहिली. लहानपणी घारीला ताप आला की मावशी अशीच बसायची. फक्त तेव्हा तिच्या डोळ्यांत काळजी असायची. आज त्यात संशय होता.

घारीने सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला. गप्प बसली तर बंदुका दादाच्या समोर जाणार होत्या, आणि दादाच्या हातात कुऱ्हाड असणार होती. दोन गोळे सोडले तर सगळी टोळी पसार होणार, आणि साहेब तिला जी समजत होते ती ती खरोखरच ठरणार. राहिले तीन. तीन लांब धुरांचा अर्थ त्या घळीत एकाच माणसाला कळला असता, आणि त्यात पळ असं कुठेही नव्हतं. खाली ये, एवढंच होतं.

सकाळी ती कामावर चढली तेव्हा पायी निघालेली माणसं रानात शिरून गेली होती. तिने आळ्यातलं वाळलं गवत उपटून काढलं, दगड नीट लावले आणि उन्हाळ्याच्या ऐन भरात, आग बघण्यासाठी नेमलेल्या बाईने स्वतःच्या हाताने आग पेटवली. कातळ उघडा होता, ठिणगी उडून जायला जागा नव्हती, तरी तिने पाण्याचं पिंप आधी जवळ ओढून घेतलं. त्यात भिजवलेलं गवत निखाऱ्यांवर टाकलं. गोणपाट जड होतं. ते एकटीने उचलताना तिचे खांदे भरून आले, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पहिला धूर उभा राहिला. मग दुसरा. मग तिसरा.

खाली मावशी हातात डाव घेऊन आवारात आली आणि मान वर करून बघत राहिली.

मनोऱ्यावरचा वायरलेस खरखरला. घार धावत शिडी चढली. साहेब अजून घळीच्या अलीकडच्या डोंगरसोंडेवर असणार, नाहीतर आवाज इतका स्वच्छ आला नसता.

"टॉवर, तुमच्या पायथ्याशी धूर दिसतोय. काय आहे?"

ती म्हणू शकली असती की कचरा पेटला होता, विझवला. "मी लावलाय, साहेब," ती म्हणाली.

पलीकडची खरखर बंद झाली.

तिने आळं विझवलं, वरून पाणी ओतलं, राख चाळवून बघितली आणि कातळावर बसून राहिली. दादा आला तो मागच्या सोंडेच्या वाटेने, झाडांच्या आडोशाने. वाळला होता, दाढीत पांढरे केस आले होते, खांद्यावर कुऱ्हाड होती. तो लांबच थांबला.

"बाबा गेले ना?" त्याने विचारलं.

"गेले."

"मग ही खूण कोणी दिली?"

"मी दिली."

तो तिच्याकडे बघत नव्हता, तिच्या मागे बघत होता. "कुणाला लपवलंयस?"

"कुणालाच नाही. बघ हवं तर."

त्याने खरंच बघितलं. कातळाला वळसा घातला, मनोऱ्याखाली वाकून पाहिलं, शिडीच्या वर पाहिलं. घारीला त्याचा राग आला नाही, कारण तीही त्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती; तिचं सगळं लक्ष कुऱ्हाडीवर होतं.

"त्या रक्षकाच्या खांद्यावर घाव कुणी घातला?"

"मी नाही घातला."

"आईही तेच म्हणते. तिला तू सांगितलंस?"

"धुराने कसं सांगणार?" तो म्हणाला.

तो खरं बोलत होता की खोटं, हे तिला कळलं नाही. कितीही दुरून धूर ओळखणारी ती, हाताच्या अंतरावरचं माणूस तिला ओळखता येईना. तिने त्याला सगळं सांगून टाकलं. साहेबांची माणसं घळीला वेढा घालताहेत. ही वाट खाली डेपोत जाते, ती मागची सोंड ओलांडून पलीकडच्या रस्त्याला लागते. मी कुठल्याच वाटेवर उभी राहणार नाही, आणि कुठली घेतलीस ते विचारलं तर खरं सांगेन. दादा म्हणाला, बरोबरच्या दोघांना वाटतंय मी आडोशाला गेलोय. आणि स्वतःशीच हसला. मग त्याचं हसू मावळलं. घळीतून एक बार ऐकू आला, पाठोपाठ दुसरा. दोघांनीही घळीकडे बघितलं.

"आई स्वयंपाकघरात असते?" त्याने विचारलं.

"असते."

त्याने कुऱ्हाड कातळावर ठेवली आणि डेपोच्या वाटेला लागला. तो मध्येच वळेल असं घारीला प्रत्येक वळणावर वाटत होतं. ती वर चढली आणि दुर्बिणीतून त्याच्या पाठीवर नजर ठेवून राहिली. स्वयंपाकघराच्या दारात मावशी उभी होती. तिने आधी त्याला ओळखलं नाही, मग ओळखलं, आणि दोघं आत गेली.

साहेब दुपारी परतले. बार हवेतच उडवले होते. एक जण सापडला होता, एक निसटला होता. ते स्वयंपाकघरात शिरले तेव्हा दादा पाटावर बसून जेवत होता आणि मावशी समोर बसून त्याला वाढत होती. ती उठून दोघांच्या मध्ये उभी राहिली. दादाने शांतपणे घास संपवला, हात धुतले आणि पुढे केले. घार दारात पोचली होती. मावशीने तिच्याकडे बघितलं आणि आवाज न चढवता म्हणाली, "खूण देऊन माझ्या पोराला पिंजऱ्यात आणलंस."

पुढचे कित्येक दिवस ती घारीशी एवढंच काय ते बोलली.

चौकशीत घारीने धूर आपण केला हे कबूल केलं. चुलीबद्दल चकार शब्द काढला नाही. ते मावशीने स्वतःच जाऊन सांगितलं. साहेबांना खरं वाटेना. चुलीतून, असं त्यांनी दोनदा विचारलं. मग मावशीने त्यांना आवारात उभं केलं आणि आत जाऊन झडप ओढली. धुरांड्यावर दोन पांढरे गोळे एकामागून एक चढले. ड्रायव्हर साहेबांच्या शेजारी उभा होता. तो वर बघतच म्हणाला, "आणि तुम्ही माझ्या आरशांची झडती घेत होतात."

मावशीचं काम गेलं. घारीला मनोऱ्यावरून काढून खालच्या रोपवाटिकेत पाठवलं. दादाने चोरीचं लाकूड घेणाऱ्या गिरणीवाल्याचं नाव सांगितलं, त्यामुळे त्याला शिक्षा कमी झाली. कुऱ्हाडीचा घाव निसटलेल्या माणसाने घातला असं ठरलं; तो हाती लागला नाही, त्यामुळे ते ठरलं तसंच राहिलं. डेपोत दोन तट पडले. काही म्हणत, नोकरी वाचवायला बाईने भावाला विकलं. काही म्हणत, चोरांना सावध करायला गेली आणि भाऊच आयता हाती लागला. साहेबांनी तिला एकदा एकटीला गाठून विचारलं, की खरं काय होतं. "तो तिथे नको होता मला, एवढंच," ती म्हणाली. साहेबांनी मान डोलावली, पण ती न पटलेल्या माणसाची मान होती.

मावशीने तुरुंग असलेल्या गावात खोली घेतली आणि एका खानावळीत पोळ्या लाटायचं काम धरलं. ती कशी आहे हे घारीला वायरलेसवाल्याकडून कळायचं. दादाच्या भेटीला घार गेली नाही. तिथे मावशी भेटली असती, आणि मावशीने तोंड फिरवलं असतं.

पावसाच्या तोंडावर एका दुपारी घार रोपांच्या पिशव्यांत माती भरत बसली होती. कुंपणाचं दार वाजलं. मावशी आत आली, उपडी बादली ओढून तिच्या समोर बसली आणि पदराने तोंड पुसलं.

"त्याने सांगितलं सगळं," ती म्हणाली. "दोन्ही वाटा दाखवल्यास म्हणाला."

"दाखवल्या."

"स्वतःच्या पायाने आलो म्हणाला."

"हो."

मावशी तिच्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर काही हलतंय का, डोळे कुठे जाताहेत, सगळं निरखत राहिली. घारीने हातातली पिशवी खाली ठेवली आणि तिला निरखू दिलं.

"लहानपणापासून तो तुझ्यासाठी खोटं बोलत आला आहे," मावशी शेवटी म्हणाली.

ते खरंच होतं.

मावशीने परतीची गाडी किती वाजता आहे असं विचारलं. घारीने सांगितलं, अजून बराच वेळ आहे.

"मग बसते थोडी," मावशी म्हणाली, आणि नजर न हलवता तिने हात लांब करून एक रिकामी पिशवी उचलली.